आमच्या मेंढराचा विमा

कुत्र्याचा विमा काढायचं मी ठरवलं नव्हतं. आमच्या घरात मी काहीच ठरवत नाही, फक्त निस्तरते. कुत्राही मी आणलेला नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने तो आणला, तिच्या घरमालकाने डोळे वटारले, आणि "आई, दोनच महिने गं" म्हणून ती त्याला पोशीरला आमच्याकडे सोडून गेली. ते दोन महिने अजून संपायचेत.

जात लॅब्राडूडल. म्हणजे अर्धा लॅब्रॅडॉर, अर्धा पूडल. हल्ली आमच्या बाजूला ज्या त्या फार्महाऊसवर असलं एक कुरळं प्रकरण असतं. शनिवारी मुंबईहून गाडीत बसून येतं, रविवारी अंघोळ घालून परत जातं. आमचा मात्र इथलाच झाला. भाताच्या खाचरात लोळतो आणि अंगभर कुसळं नि गोचिड्या घेऊन ओटीवर येऊन झटकतो. लेकीने ठेवलेलं इंग्रजी नाव गावात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. अंगावरची लोकर बघून सगळे त्याला मेंढरू म्हणतात, आणि हा शहाणा त्या नावाला शेपूट हलवत जातो.

कागदोपत्री लेकीचा असला तरी कुत्रा खरा माझ्या सासऱ्यांचा. सासूबाई गेल्यापासून बाबा माणसांशी कामापुरतं बोलतात आणि कुत्र्याशी दिवसभर. "काय रं, ऊन लय हाय ना? चल सावलीला." मला विचारलंय का कधी कुणी, ऊन लागतंय का म्हणून? भाकरीचा पहिला तुकडा त्याला, शेवटचाही त्यालाच. मधली भाकरी बाबा खातात, ती सुद्धा त्याच्याकडे बघत बघत.

गेल्या पावसाळ्यात त्याला गोचीडताप झाला. पनवेलला न्यावं लागलं, तेही एकदा नाही. मिस्टर खालापूरच्या कंपनीत कामाला, ते रजा टाकून टाकून वैतागले. कुत्रा बरा झाला त्या दिवशी जेवताना म्हणाले, "ह्या खेपेला पळालो. पुढच्या वेळी मी पळणार नाही आणि खिशात हातही घालणार नाही, आत्ताच सांगतो. घर चालवायचं की कुत्रं?" बाबांनी मान वर केली नाही. ताट अर्धवट टाकून उठले आणि ओटीवर कुत्र्याशेजारी जाऊन बसले.

मी लेकीला फोनवर हे सांगितलं, आणि तीच माझी चूक. तिने तोडगा काढला, विमा. माणसांचा असतो तसा कुत्र्यांचा मेडिक्लेम. "आई, पण लवकर कर हं. सात वर्षांच्या पुढे नवीन पॉलिसी देत नाहीत, आणि त्याला गणपतीनंतर सात पूर्ण होतील." म्हणजे तोडगा तिचा, धावपळ माझी. आणि गणपती तोंडावर आलेले.

विमा निवडणं म्हणजे काय ताप असतो, हे ज्याने निवडला त्यालाच ठाऊक. पहिल्या कंपनीच्या साइटवर लॅब्रॅडॉर होता, पूडल होता, दोघांचं मिळून काही नव्हतं. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, 'मिक्स' टाका." मिक्स टाकलं तर पॉलिसी निघाली गावठी कुत्र्याची, आणि वर तळटीप, की जात खोटी सांगितल्याचं आढळल्यास भरपाई नाही. दुसरी कंपनी म्हणाली, संकरित कुत्री काटक असतात म्हणून हप्ता कमी. तिसरी म्हणाली, संकरित कुत्र्यांत दोन्हीकडची दुखणी येतात म्हणून हप्ता जास्त. अरे, तुम्ही आधी आपापसांत भांडून घ्या ना! एकीत चोरी धरलेली होती, पण गोचीडताप नव्हता. आमच्या कुत्र्याला पळवायला चोर यायचा कधी, आणि गोचिड्या तर रोज घरपोच. एकीत गोचीडताप होता, पण इस्पितळ त्यांच्याच यादीतलं लागणार, आणि यादीतलं सगळ्यात जवळचं ठाण्याला. वर सकाळ-संध्याकाळ एजंटांचे फोन. कचेरीत साहेबांसमोर बसलेली असताना फोन वाजायचा, "मॅडम, आपल्या पेटबद्दल बोलायचं होतं." भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला.

शेवटी एक बरी सापडली. गोचीडताप होता, साप चावला तरी खर्च देणार होते, आणि कुठल्याही डॉक्टरचं बिल चालणार होतं. हप्ता ऐकून मिस्टर म्हणाले, "नाकापेक्षा मोती जड." मी म्हटलं, "मग पुढच्या वेळी पळा."

लेकीने पुण्यातून फॉर्म भरला. त्यात विचारलं होतं, प्राण्याची रोजची देखभाल कोण करतं. माझी लेक सत्यवादी हरिश्चंद्राची नात. तिने आजोबांचं नाव टाकलं, आजोबांचा नंबर टाकला, आणि मला सांगायची विसरली.

मी कर्जतला कचेरीत असताना कंपनीतून बाबांना फोन गेला. पडताळणीचा, रेकॉर्ड होणारा. बाईने गोड आवाजात मराठीत विचारलं, "सर, आपला कुत्रा निरोगी आहे का?"

आता आमच्याकडे परक्या माणसाने जनावराची तब्येत विचारली तर काय सांगतात, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. म्हैस कितीही दुधाची असो, "कसलं दूध, आटली बिचारी." बैल हत्तीसारखा असो, "हाडं राहिलीत नुसती." चांगलं म्हणायचं नाही. म्हटलं की दृष्ट लागली. बाळाला बघायला येणारे सुद्धा "किती काळं गं" म्हणून त्याची पापी घेतात. बाबांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"कसला निरोगी वो," बाबा म्हणाले. "खात नाय काय नाय. मागच्या पायानं लंगडतो. त्याचं काय खरं नाय."

बाईने सगळं लिहून घेतलं. अजून काही त्रास? बाबा म्हणाले, रात्रीचा खोकतो पण. खोकतात ते बाबा. कुत्रा त्या वेळी शेजारच्यांची कोंबडी ओढाभर पळवत होता.

दुसऱ्या दिवशी मेल आला. पूर्वीपासूनचे आजार असल्याने अर्ज नामंजूर. मी कपाळावर हात मारून घेतला. घरी आले, पर्स फेकली आणि सरळ ओटीवर गेले. सासऱ्यांसमोर मी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला.

"बाबा, काय सांगितलंत तुम्ही त्यांना? लंगडतो? हा लंगडतो?"

कुत्रा माझ्याभोवती चारी पायांवर नाचत होता.

"मग काय सांगू? बरा हाय म्हनून?"

"हो! बरा आहे तर बराच सांगायचा! त्याच्याच भल्यासाठी चाललंय ना हे? आता हा आजारी पडला तर कोण नेणार त्याला? तुमचा मुलगा काय म्हणालाय ते ऐकलंत ना?"

बाबा बराच वेळ कुत्र्याच्या कानामागची गोचीड शोधत राहिले. मग खालीच बघत म्हणाले, "तुझ्या सासूच्या येळंला म्हनलो व्हतो मी."

मला काही कळेना.

"ती सरकारी बाय आलती घरोघरी इचारत, कोन आजारी हाय का म्हनून. हितंच हुभी व्हती. मी म्हनलो, आमच्यात समदी ठणठणीत. ही तर कधी साधी शिंकली पन नाय. लय मोठ्यानं म्हनलो. ही आतून ऐकत व्हती, हसली." बाबांनी गोचीड काढून दगडावर चिरडली. "दिवाळी नाय बघितली तिनं."

सासूबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आतून कधीची सुरुवात झाली असणार, डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं होतं, बाबांनाही. हे मी बोलणार होते. पण त्यांच्याकडे बघून बोलवेना. आणि राग काही जाईना. एवढी वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन बसलाय आणि एका शब्दाने बोलला नाही, याचाही राग आला.

कंपनीशी भांडायला मीच. रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून हरिदासाची कथा. अखेर एक जण म्हणाला, डॉक्टरचा दाखला आणा. कर्जतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं रिक्षाने गेलो. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "आजोबा, तब्येत कशी आहे याची?" बाबा म्हणाले, "तुमीच बगा." डॉक्टरांनी नखशिखांत तपासलं आणि पूर्ण निरोगी असल्याचं लिहून दिलं. बाबा तो कागद हातात घ्यायला तयार नव्हते.

दाखला पाठवला. कंपनीचं उत्तर आलं, की दाखला मिळाला, पण पहिली माहिती ज्यांनी दिली त्यांनीच फोनवर ती दुरुस्त करायला हवी. मी म्हटलं, मी सांगते. नाही. कुत्र्याची मालकीण सांगेल. नाही, तेच सर हवेत. गणपतीचं विसर्जन होऊन गेलं होतं. हातात आठवडाही उरला नव्हता.

मी रजा काढून घरी बसले. बाबांना आदल्या दिवसापासून सांगत होते, विनवत होते, चिडत होते. "एक वाक्य, बाबा. एकच." ते हो म्हणत नव्हते आणि नाही पण म्हणत नव्हते. जेवले नाहीत. कुत्रा त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता.

फोन आला. मी स्पीकर लावून त्यांच्यापुढे धरला. तीच गोड आवाजाची बाई. "सर, मागच्या वेळी आपण सांगितलं होतं की कुत्रा आजारी आहे. आता आपण काय सांगाल? तो पूर्ण निरोगी आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "त्याला भायेर ने," हळूच म्हणाले.

मी फोन त्यांच्या हातात दिला आणि कुत्र्याला ओढत अंगणात नेलं. पट्टा धरून दारातच उभी राहिले, तिथून सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो, सर? ऐकू येतंय का?"

"येतंय," बाबा म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. उठून उभे राहिले, टोपी सरळ केली. "कुत्रा ठणठणीत हाय. त्याला काय पन झालेलं नाय. आन् ह्या बोलन्यानं जे काय व्हायचं असंल, ते माझ्यावर येऊ दे. त्याच्यावर नको."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. मग बाई म्हणाली, "सर, सॉरी, हे सिस्टीममध्ये घेता येत नाही. फक्त 'हो' किंवा 'नाही' सांगा."

"हो," बाबा म्हणाले.

फोन बंद झाला. माझ्या हातून पट्टा कधी सुटला कळलंच नाही. कुत्रा धावत जाऊन त्यांच्या अंगावर चढला, आणि मी दारातूनच ओरडले, "बाबा, असं बोलतं का कुणी!" ओरडले खरी, पण आवाज रडका निघाला.

बाबा कुत्र्याला दोन्ही हातांनी आवरत खाली बसले.

"इमा पायजे व्हता ना तुला? काढला," ते म्हणाले. "जा आता, च्या टाक."