लिंबाच्या बुडाशी ओतलेलं पाणी

खजुरीच्या स्टँडवर सोलापूरची बस लागली, तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, भरलेली बाटली हातात दिली. ‘लई पिऊ नकोस, नुसता घसा वला कर,’ म्हणाली. तिची पाठ वळताच मी सगळं पाणी लिंबाच्या बुडाशी ओतलं आणि बसमध्ये चढले.

विसाव्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला निघाले होते. वर्षभरापूर्वीच डॉक्टरांनी माझ्या दुखण्याला नाव दिलं होतं. मोठ्या आतड्याला सूज, जन्माची सोबत. दिवसातून आठ-दहा वेळा पळावं लागे, आणि बस काय माझ्या पोटासाठी थांबणार होती? आमच्या घरी जुलाब लागले की पाणी तोडायचे. मी त्याही पुढे गेले. पुण्यातसुद्धा संध्याकाळपर्यंत घोटभर पाण्यावर काढायचे. ऑफिसात कुणाला माझ्या दुखण्याचा पत्ता नव्हता आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

ते कौतुक दीड वर्षात उतरलं. एका मीटिंगमध्ये कमरेच्या डाव्या बाजूला अशी कळ आली, की तिथून थेट दवाखान्यात. किडनीत खडा, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दिवसात पाणी किती पिता? मी ऐटीत सांगितलं, दोन पेले. त्यांनी पेन खाली ठेवलं. जुलाबातून पाणी आधीच जातंय, वरून तुम्हीही तोडलंत; असंच चाललं तर पंचविशीच्या आत किडन्या हात टेकतील, म्हणाल्या. मी फार घाबरले. आतड्याचं दुखणं माझ्या वाट्याला आलं होतं, हे मात्र मी आपल्या हातानं ओढवून घेतलं होतं.

सलाईन लागलं, खडा निघाला, तासातासाला पाणी सुरू झालं. काही महिन्यांनी रिपोर्ट नीट आला, तेव्हा लॅबच्या जिन्यातच मी एकटी हसले. फोनवर अव्वाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मीच तुला कोरडी ठिवले गं माय.’

यंदा गावाहून परत निघताना तिनं समोर उभं राहून मला तांब्याभर पाणी प्यायला लावलं. आणि माझे वडील, अप्पा, जे चारचौघांत कधी आवाज चढवत नाहीत, ते बसमध्ये चढून कंडक्टरला म्हणाले, ‘अण्णा, आमच्या लेकीला मधी उतरावं लागतंय. गाडी जरा थांबवा.’ सगळ्या बसनं ऐकलं. मला सीटखाली शिरावंसं वाटलं.

अर्ध्या वाटेवर एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबली. मी मान खाली घालून उतरले, तर मागोमाग सहा-सात बायका उतरल्या. त्यांतली इरकल नेसलेली म्हातारी म्हणाली, ‘बरं झालं माय. गाडी थांबत न्हाई म्हणून सकाळधरनं पान्याचा थेंब घेतला न्हाई आमी.’

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सख्यांनो, पुण्यात माझी खोली आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, मी मजेत आहे. पण घर म्हटलं की आता मला भर बसमध्ये माझ्यासाठी बोललेले अप्पा दिसतात. त्या दिवशी पंपावर संडासाच्या रांगेत माझी पिण्याच्या पाण्याची बाटली हातोहात फिरली. परत आली तेव्हा तिच्यात घोटभरच उरलं होतं. तेवढं मी प्यायले आणि नळावर पुन्हा गळ्यापर्यंत भरून घेतली.