आमच्या वाट्याला ज्यूस

ड्रेस्डेनच्या रविवारच्या मराठी वर्गात खाऊ कोण काय आणणार याची यादी असते. कुणाचे पोहे, कुणाचा शिरा. माझ्या नावापुढे दोन वर्षं एकच शब्द होता: ज्यूस. दुकानातला, झाकण न उघडलेला. मी कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर, शिफ्टचं काम, म्हणून वर्ग चालवणाऱ्या ताई मला सांभाळून घेतात असं मी समजत होते. त्यांचे आभारही मानले होते. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"नेहमी आपणच का ज्यूस?" असं लेकीने जर्मनमध्ये विचारलं, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. सुरुवातीला माझ्या उपम्याचं कौतुक झालं होतं. मग ताई एकदा घरी आल्या. बुद्धाच्या मूर्तीशेजारचा निळ्या कोटातला फोटो त्यांनी पाहिला, आमचं गाव विचारलं, आणि चहा अर्धा टाकून उठल्या. यादी त्यानंतर बदलली.

वर्ग त्याच दिवशी सोडला असता. पण नागपूरला माझे वडील थकलेत. नातीने आपल्याशी मराठीत चार वाक्यं बोलावीत, एवढंच त्यांना हवंय. घरी ती आमच्याशी जर्मनच बोलते. हा वर्ग सोडून शहरात दुसरा नाही.

यंदा ताईंनी नाटुकलं बसवलं. अमेरिकेत गोऱ्यांच्या शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या काळ्या मुलीचं. ती भूमिका माझ्या लेकीला मिळाली. हिला मेकअप लागणार नाही, असं ताई सगळ्यांसमोर हसून म्हणाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी नाटकात लेक बाकावर बसली आणि बाकीच्या मुलांनी आपापल्या खुर्च्या लांब ओढल्या. आया डोळे पुसत होत्या. माइक घेऊन ताईंनी सांगितलं की आपल्या संस्कृतीत मुलांशी असं कुणी कधी वागलं नाही. माझ्या वडिलांच्या ओंजळीत शाळेचा शिपाई वरून पाणी ओतायचा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी मी यादी न जुमानता ज्यूसबरोबर कोथिंबीरवड्याही नेल्या होत्या. ताईंनी डबा उचलला आणि टेबलाखाली, कोटांच्या ढिगाशेजारी ठेवला.

"अगं, मुलांना अ‍ॅलर्जी असतात. तुझा ज्यूस आहे ना, तेवढं पुरे."

बाकी कुणाच्या शिऱ्याला अ‍ॅलर्जी नव्हती. मी डबा घेतला, लेकीचा हात धरला आणि बाहेर पडले. ट्रॅममध्ये तिने चार वड्या खाल्ल्या. मला एकही गेली नाही.

घरी आल्यावर वडिलांचा फोन आला, नाटक कसं झालं विचारायला. मी लेकीला खुणेने गप्प राहायला सांगत होते, पण ती जुळवून जुळवून मराठीत बोललीच.

"आजोबा, आपल्या वड्या त्यांनी खाली ठेवल्या. कोणी नाही खाल्ल्या."

मग ते म्हणाले, "पाणी वरून ओतायचे, तरी मी शाळा सोडली नव्हती, बेटा. आईला सांग, पुढच्या वेळी मोठा डबा न्या."

पुढच्या रविवारी मी घरातला सगळ्यात मोठा डबा नेला, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि झाकण स्वतः काढलं. ताई पेले मांडून वाट बघत होत्या. ज्यूस मी नेला नव्हता.