व्यंकोजीची गिरकी

चिकपेटच्या बाजारात साडी घ्यायची तर व्यंकोजीकडून, असं आमच्याकडच्या बायकांचं ठरलेलं. एकतीस वर्षं तो एकाच दुकानाच्या गादीवर उभा आहे. घडी उलगडायची, निऱ्या कमरेला खोचायच्या आणि पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचा, हे त्याचं काम. एवढा मिशीवाला माणूस, पण पदर पडला की बायकांना फक्त साडी दिसते.

गेल्या वर्षी त्याने नवाच ढंग काढला. हात वर न नेता पदर कमरेपाशी धरायचा आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, की पदर आपोआप खांद्यावर. मी जन्म रंगमंचावर काढलेला माणूस. भर दुकानात टाळ्या वाजवल्या. "व्यंकोजी, आमच्या कंपनीत असतास तर याला वन्समोअर मिळाला असता!" तो नुसता हसला.

पुढे खोकल्याचं निमित्त झालं. त्याची बायको इंदिराबाई त्याला चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीच्या दवाखान्यात घेऊन आली. रक्तदाब मोजून घ्यायला मीही तिथेच बसलो होतो. डॉक्टर मेघाश्रींची एक रीत आहे. तुम्ही कशासाठीही जा, त्या तीन गोष्टी विचारणारच: सांधे किंवा पाठ दुखते का, कपडे आपले आपण घालता येतात का, जिना चढता-उतरता येतो का.

"कुठे दुखतं का?"

"स्वल्प. थोडंसं."

"कपडे घालता येतात?"

"डॉक्टर, दिवसाला चाळीस साड्या नेसतो मी!"

आम्ही हसलो. इंदिराबाई हसल्या नाहीत. "साड्या नेसतात हो. शर्ट कोण घालतं ते विचारा. उजवी बाही रोज मी चढवते."

"अगं, गप्प बैस."

"सहा महिने गप्पच आहे."

डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, मग दोन्ही हात डोक्यामागे न्यायला सांगितले. डावा गेला. उजवा कानापर्यंतही पोचेना. खांदा वर आला, कंबर वळली, सगळं अंग फिरलं. तीच गिरकी! रंगमंचावर मी कितीतरी म्हातारे उभे केले, न दुखणारा गुडघा धरून लंगडलो. आणि खऱ्या आखडलेल्या खांद्याला टाळ्या देऊन मोकळा झालो.

"मालकांना कळायला नको," व्यंकोजी हळूच म्हणाला. "गादीवरून उतरवून गोदामात बसवतील."

"खांदा जखडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातली साखर बघू, अशा खांद्यामागे वाढलेली साखर पुष्कळदा असते. रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वेळ लागेल. लपवलंत तर जास्त लागेल."

इंदिराबाईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर, त्याचा हात पोचला तिथे, हळदीची रेघ ओढली. दर सोमवारी नवी, कधी दोन बोटं वर, कधी तिथल्या तिथेच.

परवा दुकानात गेलो. व्यंकोजीने जांभळ्या साडीचा पदर हातात घेतला, जरा थबकला, दात आवळले, आणि हात उचलून तो सरळ खांद्यावर टाकला. समोरच्या बाई हिरमुसल्या. "अण्णा, ती गिरकी नाही?"

"तो खेळ बंद झाला, अक्का," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.