सदरची थंडगार खोली

मला बघायला मुलाकडचे येणार होते. आमचं घर उमरेडला. घरात दोन माग, आणि उरलेल्या जागेत आम्ही सात माणसं. मुलगा नागपुरात, सदर भागातल्या एका कचेरीत कारकून. कारकुनाला मागांच्या खडखडाटात कुठे बसवायचं, म्हणून बाबांनी सदरमध्येच एका लहानशा हॉटेलात खोली घेतली. नागपूर तेव्हा राजधानी होतं, आणि वैशाख पेटला होता. खोलीला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या आहेत, पाणी मारलं की आत पचमढी, असं मालकाने पोस्टकार्डावर कळवलं होतं.

ताट्या होत्या. दाराला एक, खिडकीला एक, दोन्ही कोरड्या ठणठणीत. हात लावला की मुळ्यांचा भुगा खाली पडायचा. आईने मला लावलेली पावडर दहा मिनिटांत गळ्यापर्यंत ओघळली.

बाबांनी मालकाला विचारलं, "ताट्या कोरड्या काहून हायेत जी?"

मालक वयस्कर आणि फार सभ्य होता. पाणी मारणारा माणूस लग्नाला भंडाऱ्याला गेलाय, परवा येईल, असं त्याने शांतपणे सांगितलं. मागे विहीर आहे, बादलीही आहे, हेही सांगितलं.

बाबा बादलीकडे वळले तोच पाहुणे आले. मुलगा आणि त्याचे आईवडील. आईने घाईघाईने मला मोरीत उभं केलं, बोलावल्यावर बाहेर ये म्हणून. आतून मला ऐकू येत होतं, बाकीचं आईने नंतर सांगितलं. मुलाच्या वडिलांनी आधी टोपी काढली, मग कोट, मग बोलणंच थांबवलं. तेवढ्यात मुलगा उठला.

"तुमी बसा जी, मी टाकतो पाणी," तो बाबांना म्हणाला आणि बाहेर गेला.

बाबा शरमून त्याच्यामागे निघाले, तर त्याच्या वडिलांनी त्यांना हात धरून बसवलं. मग मला बाहेर बोलावलं. रहाटाचा आवाज आला, ताटीवर सपकन पाणी पडलं आणि खोलीभर खसचा वास सुटला. सगळ्यांच्या जिवात जीव आला. मुलाची आई मला स्वयंपाकाचं विचारायला लागली, मी सांगत गेले, मुलाच्या वडिलांना डुलकी लागली. बाबांनी दोनदा हाक मारली, आत या, मुलीला काही विचारा.

"आता आलो तं ताटी वाळून जाईन," बाहेरून उत्तर आलं.

ओल्या ताटीखालून मला दिसली ती फक्त भिजलेल्या धोतराची किनार आणि बादली.

ऊन उतरल्यावर पाहुणे गेले. मालक बाबांजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमचा मानूस कामाचा हाय. परवापर्यंत ठेवता येईन काय?" बाबांनी आमचं बोचकं उचललं.

आठ दिवसांनी होकार आला. बाबांना खरंच वाटेना. त्यांनी मुद्दाम उलट पत्र टाकून विचारलं की मुलाने मुलगी पाहिली तरी कधी? उत्तरात त्याच्या वडिलांनी लिहिलं, पाहिली नाही, आवाज ऐकला.

अंतरपाट दूर झाल्यावर आम्ही एकमेकांना पहिल्यांदा पाहिलं. बाहेरून आलेल्या आवाजावरून मी यांना उंच समजले होते. हे माझ्याहून चार बोटं बुटके निघाले, आणि मला पाहून तेही जरा दचकलेच.