पाठमोऱ्या तोफा

गांधीबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा दर दिवाळीत मातीचा किल्ला करतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही. बाकीचे डोंगरी किल्ले करतात, हा समुद्रातला. नागपुरात समुद्र कुठला? तो कापडाच्या दुकानांतून निळ्या चिंध्या मागून आणतो, मागच्या भिंतीपर्यंत अंथरतो आणि सगळ्या तोफांची तोंडं तिकडे करतो. रस्त्यावरून दिसते ती फक्त तोफांची पाठ.

लोकांना हे चुकलंच वाटतं. जाता-येता कोणीतरी तोफा रस्त्याकडे वळवतं. म्हातारा उठतो, एकेक तोफ पुन्हा समुद्राकडे फिरवतो आणि तिच्यावरची धूळ अंगठ्यानं पुसतो.

यंदा मी विचारलंच, "काका, तोफा उलट्या काहून?"

"माहा बाप तोफेवर गोलंदाज होता तिथं. मुंबईजवळच्या बेटावर, इंग्रजाइच्या किल्ल्यात. महायुद्धात रात-रातभर दुश्मनाच्या जहाजाची वाट पाहे. एकबी आलं नाही. मंग तोफा काढून नेल्या. आता नुसते चौथरे हायेत."

"म्हणजे एकही गोळा उडाला नाही?" मला हसू आलं.

म्हातारा ताठ उभा राहिला. "तोफा होत्या म्हनून तं जहाज आलं नाही गा! अन् तुले त्याइची पाठ दिसते, काहून का तू त्याइच्या राखणीत हायेस."

परवा एक स्कूटरवाला तोफ वळवायला वाकला. म्हाताऱ्याच्या आधी मीच ओरडलो.