अमेरिकेत न सापडलेलं ऑफिस

“ऑफिस कुठलं, तेवढं सांग,” कदम साहेब म्हणाले. “वॉशिंग्टनला आहे की डेट्रॉइटला? व्हिसाचं मी बघतो. आपला माणूस पीस घेऊन जाईल.”

“साहेब, तसं ऑफिसच सापडत नाही.”

“अगं, असं कसं होईल? एवढा मोठा देश. गाडीच्या दिव्याला मंजुरी देणारं एक ऑफिस नसेल?”

त्यांच्या टेबलावर सहा टेललॅम्प ठेवले होते, बबल रॅपमध्ये गुंडाळून. कुठे पाठवायचे हे कळायच्या आधीच साहेबांनी ते बनवून घेतले होते.

आमची कंपनी चाकणला गाड्यांचे मागचे दिवे बनवते. मी तिथे क्वालिटी आणि होमोलोगेशन बघते. होमोलोगेशन म्हणजे आपला माल ज्या देशात जाणार, तिथल्या कायद्यात तो बसतो हे सिद्ध करणं. कदम साहेब मालक. भोसरीत एका शेडमध्ये दोन मशीनवर सुरुवात केलेले, मूळचे टूलरूमचे. साच्यावर नुसता हात फिरवून कुठे घासलाय ते सांगतात. मी एकोणीस वर्षं त्यांच्याकडे आहे आणि त्या सगळ्या वर्षांत आमचा एक्सपोर्ट फक्त युरोपला झाला. अमेरिकेची ही पहिलीच ऑर्डर होती.

दिवा दोन्हीकडे दिवाच असतो, पण गिऱ्हाइकाचा स्वभाव वेगळा. युरोपचा कस्टमर आमच्याशी ग्रॅमवरून भांडतो. तिथे गाडीच्या धुरावर कडक मर्यादा आहेत आणि गाडी जड तेवढा धूर जास्त, त्यामुळे दिव्याचंही वजन कमी करून हवं असतं. अमेरिकेच्या कस्टमरने वजनाचा विषयच काढला नाही. त्यांची ती गाडी मी चित्रात पाहिली. आमच्या चिखलीच्या गल्लीत ती शिरली तर वळायची नाही. युरोपात मागचा इंडिकेटर पिवळाच लागतो, अमेरिकेत लालही चालतो. उलट अमेरिकेला गाडीच्या कडेने दिसेल असा लाल रिफ्लेक्टर हवाच. रिफ्लेक्टर म्हणजे सायकलच्या मडगार्डवर असतो तो. स्वतः पेटत नाही, मागून येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड परत फेकतो. आमच्या युरोपच्या दिव्यात तो नव्हता, म्हणून नवीन साचा केला. इथपर्यंत सगळं आमच्या हातातलं होतं.

घोडं अडलं ते मंजुरीवर. युरोपची पद्धत आम्हाला पाठ होती. आधी नमुना द्यायचा, त्यांनी नेमलेली लॅब तो तपासते, सरकारी खातं नंबर देतं. तो नंबर दिव्यावर कोरायचा, मग विक्री. पुढेही त्यांची माणसं कारखान्यात तपासायला येतात, पण तारीख कळवून येतात.

आणि नमुना म्हणजे काय, ते आता सांगूनच टाकते. त्याला आमच्याकडे ‘दाखवायचे पीस’ म्हणतात. शांताराम टेमगिरे हे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. ते लाइन सोडून एका मशीनवर बसतात आणि दिवसभरात सहा पीस काढतात. प्रत्येक पीस लेकीच्या लग्नातल्या ताटासारखा पुसून ठेवलेला. ते लॅबला जातात आणि पास होतात. हे चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. परीक्षेला जाताना इस्त्रीचे कपडे घालतो, तसंच.

त्या संध्याकाळी मी अमेरिकेच्या कस्टमरकडच्या क्वालिटीच्या बाईंना कॉल लावला. लिंडा त्यांचं नाव. त्यांचं बोलणं मराठीतच सांगते.

“सॅम्पल कोणाला पाठवू?”

“कोणालाच नाही. दिवा कायद्यात बसतो असं तुम्हीच लिहून द्यायचं. खाली सही करायची.”

“आणि तपासणार कोण?”

“तुम्ही. विकायच्या आधी सरकार काही बघत नाही. नंतर कधी वाटलं तर शोरूममधून गाडी विकत घेतं आणि तपासतं. नापास झाली तर सगळ्या गाड्या परत बोलवायच्या. त्याआधी कोणाला अपघात झाला असेल तर वकील येतात.”

“ते कुठला पीस घेतील?”

“त्या गाडीत जो असेल तो,” लिंडा म्हणाल्या. मी विचित्र प्रश्न विचारतेय असं त्यांना वाटलं असावं.

फोन ठेवला आणि मी त्या सहा दिव्यांकडे बघत बसले. ते कुठल्याच गाडीत बसणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेटवरच्या सिक्युरिटीच्या पवारमामांना डिस्पॅचला नेलं. म्हटलं, मामा, यातली कुठलीही वीस खोकी उचला. मामांनी आधी विचारलं, “मॅडम, काही चोरीला गेलंय का?” मग कोपऱ्यातली, खालच्या थरातली, तिन्ही शिफ्टची अशी वीस खोकी काढली. मी मुद्दामच त्यांना नेलं होतं. आमच्या डिपार्टमेंटचा माणूस असता तर नकळत त्याचा हात चांगल्या पीसकडे गेला असता, आणि माझाही गेला असता.

एका खोक्यात एक, अशा वीस दिव्यांवर पाण्याचा मारा केला, मग रिफ्लेक्टर किती उजेड परत फेकतात ते मोजलं. चार नापास. रिफ्लेक्टरच्या मागे पाणी शिरलं होतं. आत पाणी गेलं की तो उजेड परत फेकत नाही. अंधाऱ्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी कडेने दिसावी म्हणून तो लावायचा, आणि नेमका पावसात तो आंधळा होणार.

मी रिपोर्ट घेऊन केबिनमध्ये गेले. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“दाखवायचे पीस पास आहेत ना?”

“सहाच्या सहा.”

“मग त्यांचा रिपोर्ट लाव. कंटेनर शुक्रवारचा आहे.”

“साहेब, ते पीस गाडीत बसणार नाहीत.”

“युरोपला आपण काय वेगळं केलं?” साहेबांचा आवाज चढला. “तेव्हा फाइल कोणी बनवली? तूच ना?”

हे मला लागलं, कारण खरं होतं. सगळ्या फायली मीच बनवल्या होत्या. पण त्या प्रत्येक फाइलवर माझी सही ‘तयार करणार’ या चौकटीत होती आणि वर कोणातरी सरकारी साहेबाचा शिक्का होता. आपल्यावर कोणीतरी आहे, चुकलं तर तो धरेल, या भरवशावर मी एकोणीस वर्षं सह्या केल्या. या वेळी वर कोणीच नव्हतं. मला भीती वाटली, आणि ती वकिलांची नव्हती.

“या कागदावर सही माझी लागणार आहे, साहेब. मी करणार नाही.”

“मी सांगतोय ना तुला, कर म्हणून!”

“तुम्ही सांगितलंत, हेही खाली लिहू का?”

आता नोकरी गेली, असं मी मनात धरूनच उभी होते. साहेबांनी चष्मा काढला, खिशात ठेवला आणि उठून सरळ शॉपफ्लोअरवर गेले. मी मागोमाग.

रिफ्लेक्टरच्या पाठीला प्लास्टिकची पातळ चकती बसवतात. अल्ट्रासॉनिक मशीन ती थरथरवून जोडतं, गोंद लागत नाही. साहेब त्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले. तासभर एकेक पीस जोडताना बघत राहिले. लाइनवरची माणसं बिचारी श्वास रोखून काम करत होती. मग त्यांनी शांतारामभाऊंना बोलावलं.

“शांताराम, तुझा पीस गळत नाही आणि यांचा गळतो. तू काय करतोस?”

शांतारामभाऊ आधी माझ्याकडे बघायला लागले. कोणाला तरी अडचणीत आणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

“बोला भाऊ,” मी म्हटलं.

“काय न्हाई साहेब. जोडताना पलास्टिकचा बारीक भुसा पडतो खाचेच्या बुडाला. आमी दर पीसला फडक्यानं पुसून घेतो. न्हाई पुसलं की चकती तिरकी बसती.”

“मग ही पोरं का पुसत नाहीत?”

“चाळीस सेकंदांत पीस काढायचा म्हन्ता तुमी. पुसायला टाइम कुठं हाय? दाखवायच्या पीसला कोन घड्याळ लावतं?”

साहेबांनी चिडायला हवं होतं, पण ते हसले. “व्हय रं बाबा, बरोबर हाय तुझं,” म्हणाले. साहेब खूश झाले की भोसरीची बोली बाहेर येते.

भुसा पुसायची आठवण माणसाला करून देण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी स्वतः टूलरूममध्ये उभं राहून फिक्श्चर नवीन केलं, म्हणजे पीस धरून ठेवणारी खाच. बुडाला चर पाडले, भुसा त्यात पडू लागला. वर हवेची नळी बसवली. प्रत्येक पीसआधी ती फुंकर मारते, आणि तिने फुंकर मारल्याशिवाय मशीन चालूच होत नाही. शिवाय रिफ्लेक्टर आणि चकतीमधल्या बंद कप्प्याची गळती तपासणारी वेगळी जागा लाइनवर आली. पूर्वी आम्ही अख्खा दिवा तपासत होतो, तो कप्पा कोणी बघतच नव्हतं.

शुक्रवारचा कंटेनर गेला नाही. तयार झालेला सगळा माल आम्ही बाद केला. लिंडांना कळवायची पाळी माझ्यावरच होती. काहीतरी मशीन बंद पडल्याचं सांग, असं आमच्या मार्केटिंगवाल्याने सुचवलं. मी साहेबांकडे बघितलं. “आहे ते सांग,” ते म्हणाले. ऑर्डर हातची जाईल असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

मी आहे ते सांगितलं. लिंडांनी ऐकून घेतलं, एकही कारण विचारलं नाही. “खराब माल कारखान्याबाहेर गेलाय का?” एवढाच प्रश्न. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “नवीन तारीख द्या.”

पुढच्या आठवड्यात पवारमामांनी पुन्हा खोकी उचलली, या वेळी साठ. साठही पास झाली. मग मी तो कागद समोर घेतला. ‘हा दिवा लागू असलेल्या कायद्यात बसतो,’ अशा अर्थाचं एक वाक्य आणि खाली माझं नाव. पेन उचलायला मला वेळ लागला. सही केली आणि ऊर भरून आला, हे कबूल करते. तोवर माझ्या एकट्या शब्दावर कोणी काही विकत घेतलं नव्हतं.

आता अमेरिकेला दर महिन्याला माल जातो. पवारमामा दर महिन्याला खोकी उचलतात, आणि युरोपच्या लाइनवरचीही उचलतात. दाखवायचे पीस बंद झाले. त्यावर शांतारामभाऊ थोडे नाराज आहेत.

साहेब मात्र अधूनमधून केबिनमधून डोकावतात.

“वैशाली, अमेरिकेहून काही आलं का गं? पास झाल्याचं पत्रबित्र?”

“नाही साहेब. तिकडून तसलं पत्र येत नाही.”

“म्हणजे आपण पास आहोत ना?”

“म्हणजे आजपर्यंत काही आलेलं नाही.”

साहेब मान हलवतात आणि मशीनकडे जातात.