आत्याचा जादा ठोका

दोन वर्षं मी संगणकावर हृदयाची एकच पेशी चालवत होते. नागपूरला पीएचडी करते म्हणजे काय करते, असं कोणी विचारलं की एवढंच सांगायचे. निरोगी पेशी छान ठोके द्यायची. पण निकामी होत चाललेली पेशी मधेच जो अवेळी ठोका देते, तो काही केल्या पडद्यावर उमटत नव्हता. मागच्या उन्हाळ्यात गोंदियाजवळच्या गोरेगावला घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी तो उमटला! आईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. "बेस आहे," म्हणाली आणि भाजी ढवळायला परत गेली.

त्याच आठवड्यात दरेकशाहून आत्या आली. तिचं हृदय वर्षभरापासून अशक्त. तिला गोंदियाला तपासणीला न्यायचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्यात तिला वायरी लावल्या, कागदाची पट्टी सरकू लागली. एक ठोका, दुसरा, तिसरा, आणि मग वेळेआधीच एक रुंद, वेडावाकडा.

"आला!" मी आनंदाने हसत ओरडलेच.

आत्याने पडल्यापडल्या मान वळवली. "हासून काऊन राहिली, पोरी? मी मरून राहिली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर आले, "अम्मा, घबराओ मत," म्हणाले, एक गोळी बदलली, मीठ कमी करायला सांगितलं. तो ठोका कशामुळे आला असावा याचा माझा तर्क मी सांगितला तेव्हा हसले. "पट्टीवर ठोका दिसतो, त्याचं कारण नाही दिसत."

बाहेर बाकावर बसल्यावर आत्या म्हणाली, "आता सांग. काय होतं येवढं माह्या पट्टीत?"

मी लॅपटॉप उघडला. प्रत्येक ठोक्याला पेशीत कॅल्शियम मोकळं होतं, पेशी आवळते. मग ते बाहेर काढावं लागतं. एक कॅल्शियम बाहेर टाकताना तीन सोडियम आत येतात आणि त्या अदलाबदलीत थोडी वीज आत शिरते.

"हे चांगल्या माणसात नाही होत?"

"होते ना! पण तिथे वेळेवर होते. अशक्त पेशीत दोन ठोक्यांच्या मधेच कॅल्शियम गळते. ते काढता काढता नको तेव्हा वीज आत येते. तोच जादा ठोका."

आत्याने क्षणभर विचार केला. "त ते अदलाबदल बंदच करून टाक."

मी लॅपटॉपवर अदलाबदलीचा आकडा शून्य केला. जादा ठोका नाहीसा झाला.

"गेला!" आता आत्या ओरडली. बाकावरचे लोक वळून पाहू लागले. पण कॅल्शियमची रेघ वर वर चढत गेली. पेशी सैलच होईना.

"हे त आकडून गेली," आत्या म्हणाली. "अर्ध करून पाह्य."

अर्धं केलं. दोघी पडद्यात डोकं घालून बसलो. एक ठोका, दुसरा, तिसरा, चौथा. सगळे वेळेवर, आणि रेघही खाली उतरत होती. मी तिथूनच मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

"एक पेशी म्हणजे हृदय नव्हे," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पण आकडे आजच पाठव."

पुढे त्यातून माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण झालं. आत्याचे जादा ठोकेही कमी झाले, पण ते डॉक्टरांच्या गोळ्यांमुळे, माझ्यामुळे नाही. त्या दिवशी मात्र तिने दरेकशाची गाडी सोडली आणि आमच्याकडेच मुक्काम केला. तिला त्या आकड्याच्या जागी पाव आणि पाऊणही घालून पाहायचं होतं.